गॉटिंगेन : विद्येचे पीठ आणि त्याच्या तीन कसोट्या

जर्मनीच्या मध्यभागी लाइने नावाच्या लहानशा नदीकाठी वसलेले गॉटिंगेन हे गाव व्यापाराच्या, राजकारणाच्या किंवा तीर्थयात्रेच्या दृष्टीने कधीही फार मोठे नव्हते. तथापि गणित, अणुकेंद्रीय भौतिकी आणि भाषाशास्त्र या परस्परांहून अतिशय भिन्न दिसणाऱ्या तीन विद्यांचा अर्वाचीन इतिहास लिहावयास बसलेल्या मनुष्यास या गावाचे नाव वगळून पुढे जाता येत नाही. महाराष्ट्रातील वाचकाला तर हा वृत्तान्त सर्वथा परक्याचा वाटण्याचे कारण नाही. कारण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून निवृत्त झालेले एक संस्कृताध्यापक गॉटिंगेनच्या अध्यासनावर विराजमान झाले आणि त्यांनी मोकळी केलेली पुण्याची जागा रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी भूषविली, हा आपल्याच विद्याव्यवहाराच्या इतिहासाचा भाग आहे. या पीठाचा उत्कर्ष कोणत्या कारणांनी झाला आणि दोन शतकांची ही कमाई एका वसंत ऋतूत कशी मातीस मिळाली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिल्या बाजीरावाच्या फौजा ज्या वर्षी दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आल्या, त्याच १७३७ साली गॉटिंगेनच्या विद्यापीठाचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. हानोफरचा अधिपती आणि त्याच वेळी इंग्लंडच्या गादीवर असलेला दुसरा जॉर्ज याच्या नावाने सनद निघाली. परंतु संस्थेची खरी घडण केली ती त्याचा दिवाण म्यूंखहाउसेन याने. तत्कालीन युरोपातील बहुतेक विद्यापीठांत धर्मशास्त्राच्या शाखेला इतर शाखांच्या लेखनावर देखरेख ठेवण्याचा अधिकार असे. या दूरदृष्टीच्या कारभाऱ्याने तो अधिकार काढून घेतला, अध्यापकांना शिकविण्याची व ग्रंथ छापण्याची मोकळीक दिली, आणि खजिन्यातील पैसा मोठ्या इमारतींपेक्षा ग्रंथालयाकडे वळविला. १७५१ मध्ये विद्वत्सभेची स्थापना होऊन अध्यापनाच्या जोडीला संशोधन हेही प्राध्यापकाचे कर्तव्य ठरले. पुढील दीड शतकात जे वैभव दिसले त्याचे बीज या राजनीतीत आहे.

१७९५ मध्ये अठरा वर्षांचा कार्ल फ्रीडरिख गाउस येथे विद्यार्थी म्हणून आला, तेव्हा आयुष्य प्राचीन भाषांच्या अभ्यासास वाहावे की गणितास, याचा निर्णय त्याच्या मनाशी झालेला नव्हता. ३० मार्च १७९६ रोजी केवळ पट्टी आणि कंपास यांच्या साहाय्याने सतरा भुजांची सुसम आकृती काढता येते हे त्याने शोधून काढले. ग्रीक भूमितिकारांनंतर दोन सहस्र वर्षांत ज्या प्रश्नात एक पाऊलही पुढे पडले नव्हते तो अशा रीतीने सुटला, आणि गणिताला त्याचा महापुरुष मिळाला. १८०७ पासून १८५५ मध्ये देहावसान होईपर्यंत गाउस येथील वेधशाळेचा अधिकारी होता. भाषांचा त्याचा ओढा मात्र सुटला नाही, आणि साठी ओलांडल्यावर त्याने रशियन भाषेचा अभ्यास आरंभिला. १८५४ च्या जून महिन्यात भूमितीच्या मूलभूत गृहीतांविषयी व्याख्यान देऊन ज्याने आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणसिद्धान्ताला साठ वर्षे आधी गणिताचे अधिष्ठान तयार करून ठेवले, तो बर्नहार्ट रीमानही येथे प्रथम आला होता तो धर्मशास्त्र आणि भाषाविद्या शिकण्यासाठी. विद्यांच्या सीमा त्या काळी येथे अशा सैल होत्या, आणि या शेजाराचा लाभ सर्वांनाच झाला.

भाषाशास्त्राच्या बाजूने पाहिले तर १८३० मध्ये याकोब ग्रिम हा ग्रंथपाल व प्राध्यापक म्हणून गॉटिंगेनला आला, त्यापूर्वीच त्याने वर्णपरिवर्तनाचा तो प्रसिद्ध नियम मांडलेला होता. संस्कृतातील ‘पितृ’ आणि लॅटिनमधील ‘पातेर’ यांच्या आरंभी जो पकार आहे त्याच्या जागी जर्मानिक भाषांत ‘फ’सारखा ध्वनी येतो, आणि हे एका शब्दापुरते नसून व्यंजनांच्या संपूर्ण मालिकेत पद्धतशीरपणे घडते, असे त्याने दाखविले. भाषेतील बदल लहरीने होत नाहीत, त्यांना नियम असतो, ही दृष्टी ज्या दिवशी रूढ झाली त्या दिवशी भाषाविचार हा शास्त्रपदवीस चढला असे म्हणावयास हरकत नाही.

या विद्यापीठाची पहिली कसोटी १८३७ मध्ये झाली. हानोफरच्या गादीवर नव्याने आलेल्या एर्न्स्ट आउगुस्ट राजाने चार वर्षांपूर्वी अमलात आलेली राज्यघटना रद्द केली, तेव्हा सात प्राध्यापकांनी लेखी निषेध नोंदवून जुन्या शपथेशी आपण बांधलेले आहोत असे कळविले. याकोब व विल्हेल्म हे ग्रिम बंधू, गाउसच्या साहाय्याने १८३३ मध्ये वेधशाळेपासून भौतिकशाळेपर्यंत तारायंत्र उभारणारा विल्हेल्म वेबर आणि प्राच्यविद्येचा पंडित व गाउसचा जामात एवाल्ड हे त्यांत होते. सातांनाही बडतर्फ करण्यात आले, आणि याकोब ग्रिम धरून तिघांना तीन दिवसांच्या मुदतीत मुलूख सोडण्याचा हुकूम झाला. स्नेही आणि जावई दोघेही गेले असता गाउसने मात्र जाहीरपणे शब्द उच्चारला नाही. राजाने सात जागा रिकाम्या केल्या. परंतु त्या सातांची नावे जर्मनीत घरोघर झाली आणि विद्वानाच्या स्वाभिमानाचे एक मान कायमचे ठरून गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील संस्कृताध्ययनाचा आधारस्तंभ होता थिओडोर बेनफाय. ज्यू कुळात जन्मल्यामुळे या थोर पंडिताला कित्येक वर्षे वेतनावाचून अध्यापन करावे लागले; तरीही सामवेदाची आवृत्ती आणि पंचतंत्राच्या जगप्रवासाचा शोध ही कार्ये त्याने सिद्धीस नेली. त्याचे शिष्य डॉ. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ मध्ये पुण्यास डेक्कन कॉलेजात संस्कृताचे प्राध्यापक म्हणून आले, आणि येथील शास्त्र्यांच्या सान्निध्यात पाणिनीय व्याकरणाचे त्यांचे अध्ययन परिपक्व झाले. काशीत वास्तव्य केलेल्या नागोजीभट्ट या महाराष्ट्रीय वैयाकरणाच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथाचे त्यांनी संपादन व भाषान्तर केले. पतंजलीच्या महाभाष्याची हस्तलिखिते ताडून पाहून त्याची प्रमाणभूत आवृत्ती मुंबई संस्कृत ग्रंथमालेत तीन खंडांत १८८० ते १८८५ या काळात प्रसिद्ध केली. ही आवृत्ती निघत असतानाच बेनफायच्या निधनाने रिक्त झालेल्या गॉटिंगेनच्या अध्यासनावर १८८२ मध्ये कीलहॉर्न यांची नेमणूक झाली, पुण्यात त्यांच्या जागी भांडारकर आले, आणि १८८५ मध्ये गॉटिंगेनच्या विद्यापीठाने भांडारकरांना डॉक्टर ही सन्माननीय पदवी अर्पण केली. शनिवारवाड्याच्या शहरातील शब्दशास्त्राची परंपरा अशा मार्गाने लाइनेच्या काठी पोहोचली. १९०८ मध्ये कीलहॉर्न निवर्तल्यावर हेर्मान ओल्डेनबेर्ग त्यांच्या जागी आला, आणि १९१३-१४ च्या सुमारास त्याच्या हाताखाली शिकावयास आलेल्या लेनर्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन तरुणाने पुढे आधुनिक वर्णनात्मक भाषाशास्त्राची पायाभरणी करताना पाणिनीच्या कृतीला मानवी बुद्धीच्या सर्वश्रेष्ठ निर्मितींमध्ये स्थान दिले.

कीलहॉर्न व्याकरणाच्या पोथ्यांत मग्न असताना त्याच विद्यापीठात फेलिक्स क्लाइन १८८६ मध्ये आणि डेव्हिड हिल्बर्ट १८९५ मध्ये येऊन दाखल झाले होते. हिल्बर्टने १८९९ मध्ये भूमितीची नवी मांडणी केली. बिंदू, रेषा व प्रतल यांच्या स्वरूपाविषयी काहीही न सांगता त्यांच्या परस्परसंबंधांचे नियम तेवढे द्यावयाचे आणि त्या नियमांतून सर्व शास्त्र निष्पन्न करावयाचे, ही तिची रीत. नंतरच्या काळात त्याने आणखी पुढे जाऊन सिद्धता हीच गणिताच्या परीक्षेचा विषय केली, म्हणजे नियमांविषयीचे शास्त्र रचावयास घेतले. पाणिनीच्या सुमारे ४००० सूत्रांकडे पाहिले असता नेमका हाच प्रकार तेथे आढळतो: एकाच स्थळी दोन सूत्रे लागू होत असतील तर कोणते प्रबळ मानावे, अपवादाने सामान्य विधीचा बाध केव्हा करावा, हे ठरविणाऱ्या परिभाषा म्हणजे नियमांवर चालणारे नियमच होत, आणि नागोजीभट्टाचा ग्रंथ सर्वस्वी त्यांनाच वाहिलेला आहे. हिल्बर्टवर या ग्रंथाचे ऋण होते असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु मानवी बुद्धीची ही दोन अत्युच्च शिखरे एकाच लहान गावात, एकाच विद्वत्सभेच्या छत्राखाली काही वर्षे एकत्र नांदली, ही गोष्ट मला विद्येच्या इतिहासात अत्यंत अर्थपूर्ण वाटते.

गॉटिंगेन निर्दोष होते असे मात्र नव्हे. १९१५ मध्ये हिल्बर्ट व क्लाइन यांनी एमी नोएथर या असामान्य विदुषीला बोलाविले, तेव्हा स्त्रीला अध्यापनाचा अधिकार देण्यास प्राध्यापकमंडळातील मोठ्या गटाने विरोध केला; चार वर्षे नोएथरबाईंची व्याख्याने हिल्बर्टच्या नावाखाली जाहीर होत राहिली. निसर्गनियमांतील प्रत्येक सातत्ययुक्त सममितीमागे एक अक्षय राशी असते हा त्यांचा १९१८ चा सिद्धान्त आज भौतिकशास्त्राचा कणा आहे. तरीही पूर्ण वेतनाचे प्राध्यापकपद त्यांना तेथे कधीच मिळाले नाही.

१९२१ मध्ये माक्स बोर्न आणि जेम्स फ्रांक हे दोघे भौतिकशास्त्रज्ञ आले आणि या पीठाचे अखेरचे तेजस्वी पर्व सुरू झाले. १९२५ मध्ये तरुण हायझेनबर्गने अणूविषयीच्या आपल्या नव्या कल्पना लिहून आणल्या, तेव्हा त्यातील चमत्कारिक गुणाकार म्हणजे गणितज्ञांना ज्ञात असलेला आव्यूहांचा गुणाकार होय हे बोर्नने ओळखले, आणि त्यातून पुंज यामिकी उभी राहिली. १९२८ च्या उन्हाळ्यात येथे आलेल्या जॉर्ज गॅमॉव्हने या नव्या यामिकीचा प्रयोग थेट अणुकेंद्रावर केला: जुन्या शास्त्राप्रमाणे अल्फा कणाजवळ अणुकेंद्राचा तट ओलांडण्याइतकी ऊर्जा नसते, परंतु नव्या नियमांनुसार तो तटातून आरपार निसटण्याची अल्प पण निश्चित संभाव्यता असते, आणि किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचे आयुष्य त्या संभाव्यतेवर ठरते. पुढच्याच वर्षी हाउटरमान्स व अ‍ॅटकिन्सन यांनी तोच विचार उलट दिशेने चालवून ताऱ्यांच्या उष्णतेचा उगम हलक्या अणुकेंद्रांच्या संमीलनात असावा असे प्रतिपादिले. १९३० मध्ये बोर्नच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टर झालेल्या मारिया ग्योपर्ट यांनी पुढे अमेरिकेत अणुकेंद्राच्या कवचरचनेचा सिद्धान्त मांडला आणि त्यासाठी १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळविले.

दुसरी कसोटी १९३३ च्या एप्रिलमध्ये आली, आणि तीत विद्यापीठ नापास झाले. ७ एप्रिल रोजी हिटलरच्या सरकारने ज्यू वंशाच्या व नावडत्या मताच्या सरकारी नोकरांना काढून टाकण्याचा कायदा केला. फ्रांक हा पहिल्या महायुद्धात लढलेला असल्यामुळे त्याला सूट होती. परंतु आपल्या बांधवांना जे सोसावे लागते त्यातून आपण एकट्याने सुटणे त्याला पसंत पडले नाही, आणि १७ एप्रिल रोजी त्याने राजीनामा देऊन तो जाहीर केला. सात दिवसांनी विद्यापीठातील बेचाळीस अध्यापकांनी पत्रक काढले ते त्याच्या समर्थनार्थ नव्हे. या राजीनाम्याने परकीयांच्या अपप्रचाराला हातभार लागतो असा ठपका त्यांनी आपल्याच सहकाऱ्यावर ठेवला. दुसऱ्याच दिवशी बोर्न, नोएथरबाई आणि गणितसंस्थेचा प्रमुख कुरांट यांना कामावरून दूर केल्याचे हुकूम सुटले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एडमुंड लांडाउ या ज्येष्ठ गणितज्ञाच्या वर्गावर विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. नोएथरबाई अमेरिकेत गेल्या आणि १९३५ मध्ये तेथेच निवर्तल्या. बोर्न इंग्लंडला गेला आणि चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या निमंत्रणावरून काही महिने बंगलोरच्या विज्ञान संस्थेतही राहून गेला. ज्यू गेल्यानंतर गणिताचे कसे काय चालले आहे, असे नव्या शिक्षणमंत्र्याने विचारले असता, गॉटिंगेनमध्ये आता गणित उरलेलेच नाही असे वृद्ध हिल्बर्टने उत्तर दिल्याचे सांगतात. १९४३ मध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा बोटांवर मोजण्याइतकीच माणसे सोबत होती.

महायुद्धानंतर हायझेनबर्ग व अणुभंजनाचा शोध लावणारा ओटो हान हे गॉटिंगेनला येऊन राहिले, आणि १२ एप्रिल १९५७ रोजी तिसऱ्या कसोटीचा प्रसंग आला. जर्मन सैन्याला अण्वस्त्रे पुरविण्याचा विचार पंतप्रधान आडेनाउअर यांच्या सरकारात चालू असता अठरा भौतिकशास्त्रज्ञांनी येथून पत्रक काढून त्या अस्त्रांच्या संहारकतेचे खरे स्वरूप जनतेला सांगितले, आणि त्यांची निर्मिती, चाचणी किंवा उपयोग यांत आपण कोणत्याही प्रकारे सहभागी होणार नाही असे प्रतिज्ञापूर्वक कळविले. सह्या करणारांत हान व हायझेनबर्ग होते, आणि चोवीस वर्षांपूर्वी येथून घालवून दिलेला माक्स बोर्नही होता.

सात, बेचाळीस आणि अठरा अशा या तीन पत्रकांवरील सह्यांतच गॉटिंगेनचा इतिहास सामावलेला आहे. बुद्धिमान माणसे १९३३ मध्येही तेथे विपुल होती. उणीव पडली ती शेजारच्या वर्गातील सहकाऱ्याला उठविले जात असता उभे राहण्याच्या धैर्याची, आणि ती पडताच गाउसपासून जमविलेले वैभव काही आठवड्यांत परदेशी निघून गेले. ते वैभव पुढे त्या प्रमाणात गॉटिंगेनला परत मिळाले नाही. महाराष्ट्रात ज्यांच्या हाती आज विद्यासंस्थांची सनद व खजिना आहे, त्यांनी हा वृत्तान्त ध्यानी धरावा. वेतनावाचून शिकविणारा बेनफाय आणि दुसऱ्याच्या नावाखाली व्याख्याने देणाऱ्या नोएथरबाई आपल्याही संस्थांत कोठेतरी असतील, त्यांना ओळखावे, त्यांना स्थान द्यावे, आणि त्यांच्या मतस्वातंत्र्यावर घाला येईल त्या दिवशी त्यांच्या बाजूने सही करण्यास मागे राहू नये.