डावा हात आणि सुई

डाव्या हातांत सुई धरणाऱ्या मुलीच्या हातांतून ती काढून उजव्या हातांत देणें, हें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांस कर्तव्य वाटत आलें. देवकार्यांत आणि पंक्तींत डावा हात गौण; तोच नियम शिवणालाही लागू झाला. परंतु हा नियम कलेच्या गरजेंतून आला कीं केवळ रूढींतून, याचा विचार क्वचितच झाला.

प्रथम आपल्या खानदेशची गोधडी घ्या. आजचा नंदुरबार जिल्हा 1998 सालीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा निघाला; इंग्रजी अमदानींत हा मुलूख पश्चिम खानदेशांत मोडे. जुनीं लुगडीं व धोतरें एकावर एक अंथरून त्यांवर धांवदोरा घालावयाचा, हीच गोधडीची रीत. उजवा हात उजवीकडून डावीकडे जातो, डावा त्याच्या उलट. पण गोधडी पुरी झाल्यावर कोणता टांका कोणत्या हाताचा, हें सांगतां येत नाहीं. येथें कलेची कांहींच तक्रार नाहीं.

तक्रार सुरू होते ती अवजारांपाशीं. नेहमींची कात्री डाव्या हातांत धरली तर तिचीं पातीं एकमेकांस चिकटण्याऐवजीं दूर सरतात आणि कापावयाची रेघ पात्याआड दडते. क्रोशाच्या पुस्तकांतील चित्रेंही उजव्या हाताचीं. गोदावरीच्या मुखाजवळ नरसापुर येथें एकोणिसाव्या शतकांत स्कॉटिश मिशनऱ्यांनीं क्रोशाच्या लेसची कला रुजविली. तेथील असो वा आपल्या घरची असो, डावखुऱ्या विणणारीस प्रत्येक आकृति मनांत उलटी करूनच घ्यावी लागते. उलट, युरोपांतील फिरक्यांच्या लेसमध्यें दोन्ही हात जवळजवळ सारखेच राबतात.

यंत्राची गोष्ट तर अधिक मौजेची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनीं सिंगर कंपनीच्या यंत्रांचा हिंदुस्थानांतील व्यापार वाढविला. त्या हातयंत्राचें चाक उजव्या बाजूस. म्हणजे उजवा हात नुसता चाक फिरवी, आणि सुईखालीं कापड वळविण्याचें खरें नाजूक काम डाव्याकडे येई! ज्या हातास घरांत अपात्र ठरविलें, त्याच्याच भरंवशावर शेजारची चोळी शिवली जात होती.

मग अडचण कोठें वाढली? माझ्या मतें, वर्गांत. पुण्याच्या सेवासदनासारख्या (स्थापना 1909) संस्थांतून शिवणकाम शिकविलें जाऊं लागलें, तें पुष्कळ स्त्रियांच्या पोटापाण्याचें साधन म्हणून. ओळीनें बसलेल्या मुलींस एकच रीत दाखविणें शिक्षिकेस सोयीचें. पण जिचा हात बळेंच बदलला, तिचें काम मंदावणार, आणि काम मंदावलें कीं मजुरीही घटणार. विधवेला वा परित्यक्तेला ही बाब क्षुल्लक नव्हती.

उपाय मात्र अगदीं साधा आहे. उजव्या हाताच्या शिक्षिकेनें डावखुऱ्या मुलीस शेजारीं न बसवितां समोर बसवावें. आरशांत पाहावें तसा टांका तिला आपोआप उमगतो. गांधीजींनीं 1909 सालीं बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहितांना उजवा हात थकला तेव्हां डाव्यानें पानें लिहिलीं. त्यामुळें त्या ग्रंथास कांहीं उणेपणा आला नाहीं. दहा माणसांत सुमारें एक डावखुरें असतें. तें आपल्या घरीं जन्मलें तर त्याच्या हातांतील सुई काढून घेण्यापूर्वीं तिनें घातलेला टांका एकदां उलटून पाहावा. तो घट्ट व सरळ असेल, तर आणखी काय हवें?