बैल सोडल्यावर गाडी उभी कशी राहायची?

हेडफोन लावा, आज आपण बैलगाडीनं माळेगावला निघालोय.

नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातलं हे माळेगाव. मार्गशीर्ष संपत आला की इथं खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, लालकंधारी बैल, सगळ्यांचा बाजार. एसटी आणि टेम्पोच्या आधी माणसं यायची बैलगाडीनं, आणि मुक्कामही गाडीपाशीच. सामान वर, लेकरं खाली सावलीत.

आता गंमत बघा. गाडीला चाकं दोनच. चालताना पुढचा भार बैलांच्या मानेवर असतो. बैल सोडले की तो भार घ्यायचा कुणी? पुढं वजन जास्त असेल तर जू धाडकन जमिनीवर. मागं जास्त असेल तर गाडी उलाळते, जू थेट आभाळाकडं! खाली कुणी झोपलं असेल तर जिवावरच बेतायचं.

म्हणून गाडी उभी करण्याचा एक क्रम असतो. आधी चाकं सारखी करायची. जमीन एका बाजूला उतरती असेल तर त्या बाजूच्या चाकाखाली माती-दगड भरून गाडी वर घ्यायची. हे बैल जुंपलेले असतानाच करायचं, नंतर ओढणार कोण? मग दोन्ही चाकांना उटी. मग पुढं टेकू, आणि सगळ्यात शेवटी बैल सोडायचे. या टेकूला काही ठिकाणी ‘शिपाई’ म्हणतात. बैल नसताना पहारा देतो तो! माल मागं जास्त असेल तर मागंही एक टेकू.

पण आपली जमीन काळी. ओल मिळाली की फुगते, मऊ होते. टेकूवर ३०० किलो भार आहे आणि त्याचं टोक १० बाय १० सेंटिमीटर आहे असं धरा. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ३ किलो आले. रात्रीतून टेकू खचणारच. त्याखाली ३० बाय ३० ची फळी किंवा चपटा दगड ठेवला की दाब नऊपट कमी!

लातूरलाही हाच प्रश्न होता. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली, १९१७ मध्ये गंजगोलाईची आखणी झाली. बाजार वाढला, पण खेड्यातून माल यायचा बैलगाडीनंच. भरलेली गाडी उलाळली तर नुकसान शेतकऱ्याचं.

तिकडं इंग्लंडमध्ये १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टरनं हौसेनं फिरायला घोड्यांची घरगाडी बांधून घेतली. आज मोटारीमागं जोडायचे ट्रेलर आहेत, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रानंही कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ट्रेलर उभा करायचा क्रम विचाराल तर तोच: आधी चाकाखाली फळ्या, मग उटी, मग मोटार सोडून पुढच्या जॅकनं पुढचं-मागचं सपाट, शेवटी चार कोपऱ्यांचे टेकू. अनेक जण कोपऱ्याच्या टेकूंनीच ट्रेलर उचलायला जातात आणि सांगाडा वाकवून बसतात. ते टेकू हलणं थांबवायला असतात, वजन उचलायला नाही. वजन चाकांनीच पेलायचं.

तुमच्या गावात या टेकूला काय म्हणतात? आजोबांना विचारा आणि कळवा. जुने शब्द गाडीबरोबरच निघालेत. भेटू पुढच्या भागात!