बांधीत न मुरणारे पाणी

किनाऱ्यावरच्या भूजलाचा उपसा आणि त्यात शिरणारे खारे पाणी यांची संगणकीय प्रारूपे हवीत, हे सर्वांना पटते. पण तलावांच्या गोंदिया जिल्ह्यात त्यांचे काय काम, असे जाणती माणसेही विचारतात. त्यांचा पक्ष पोकळ नाही. पाऊस सरासरी बाराशे मिलिमीटरच्या आसपास; वैनगंगा, बाघ, गाढवी, चुलबंद या नद्या; इटियाडोहसारखे धरण; शिवाय मालगुजारांच्या काळापासूनचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव. सरकारी मूल्यांकनात वार्षिक उपसा उपलब्ध भूजलाच्या 70 टक्क्यांच्या आत असला की क्षेत्र ‘सुरक्षित’ ठरते, आणि गोंदिया त्याच रकान्यात बसत आला आहे. समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर. तेव्हा बोअर मारा, उन्हाळी धान लावा.

समुद्र दूर आहे हाच इथला तोटा, असे मी म्हणेन. किनाऱ्यावर गोडे पाणी हलके, म्हणून खाऱ्यावर तरंगते. गायबेन आणि हर्झबर्ग यांच्या शंभराहून अधिक वर्षे जुन्या सूत्रानुसार समुद्रसपाटीच्या वर भूजल 1 मीटर असेल तर खाली सुमारे 40 मीटर गोडे पाणी टिकते. वरची पातळी अर्धा मीटर उतरली की खारे पाणी कालांतराने 20 मीटर वर सरकते. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूर भागात उपशापायी ते काही किलोमीटर आत शिरले. तिथे हिशेब चुकला की जीभच सांगते. गोंदियाच्या ग्रॅनाइट-नाइसमध्ये असे सांगणारे कोणी नाही. विहीर मे महिन्यात आटते, पावसाळ्यात भरते आणि वर्षअखेरीची बेरीज पुन्हा जमेची दिसते.

ही जमा येते कुठून? मूल्यांकनाच्या राष्ट्रीय पद्धतीत, 1997 मध्ये सुधारलेल्या आणि 2015 मध्ये पुन्हा तपासलेल्या, एक ठोकताळा आहे: पाणीपातळी 10 मीटरच्या आत असेल तर भूजलावर घेतलेल्या धानाला दिलेल्या पाण्यापैकी 45 टक्के परत जमिनीत मुरते असे धरायचे. इतर पिकांना 25 टक्के. आता धानकरी चिखलणी कशासाठी करतो? पाणी मुरू नये म्हणूनच ना! वर्षानुवर्षे चिखलणी झालेल्या बांधीच्या तळाशी घट्ट थर बसतो. एप्रिलच्या उन्हात तिथले किती पाणी खाली जाते आणि किती उडून जाते, हे बांधीत मोजायचे असते. देशभरचा आकडा लावून ते ठरत नाही.

तलावांचेही तेच. साठा असेल त्या काळात पाणपसाऱ्यातून दिवसाला 1.4 मिलिमीटर मुरते, असे ठोकताळा सांगतो. कोहळी समाजाने बांधलेला, पाळ शाबूत असलेला तलाव आणि 1950 नंतर मालगुजारी जाऊन धनीच न उरल्याने गाळ व बेशरमाच्या झुडपांनी भरलेला तलाव, दोघांना एकच दर. नवेगाव बांध काय आणि गावाबाहेरचे डबके काय.

आता खडक. इथले पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत असते. अशा खडकाची विशिष्ट देयता, म्हणजे पातळी उतरताना खडक सोडतो तो पाण्याचा वाटा, 2 टक्के धरू. मग पातळी 1 मीटर उतरते तेव्हा हाती येते ते 20 मिलिमीटर पाणी. उन्हाळी धानाला निदान 1000 मिलिमीटर लागते. म्हणजे केवळ भूजलावर घेतलेला एक एकर उन्हाळी धान 50 एकरांखालची पातळी 1 मीटरने उतरवतो. ते 45 टक्के परत येतात असे मानले तरी 27.5 एकरांखालची. कागदावरच्या ‘सुरक्षित’ पाणलोटात पिण्याच्या पाण्याची विहीर उन्हाळ्यात का कोरडी पडू शकते, हे कळायला एवढा गुणाकार पुरे.

भेगाळ खडकात संगणकीय प्रारूप चालत नाही, हा आक्षेप वजनदार आहे. भेग कुठे वळते ते कोणाला दिसते? वाळूच्या किनारी थरासाठीचे गणित इथे जसेच्या तसे आणणे हा अडाणीपणाच ठरेल. पण आक्षेप घेणारेच अख्ख्या पाणलोटाची एक सरासरी काढून ती बिनतक्रार वापरतात; भेगांची आठवण तेव्हा कुठे जाते? साधे प्रारूप इथे पुरेल: एका तलावसाखळीपुरते, महिन्यागणिक जमाखर्चाचे, मुरूम आणि भेगा वेगळ्या धरणारे. निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून चारदा होते. जानेवारी ते जून ती दर पंधरवड्याला व्हावी. कायदाही इथे अपुरा पडतो. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल अधिनियमाची नजर 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर आहे. पण त्याहून उथळ बोअरही भेगांतून वरच्या मुरमातलेच पाणी ओढते.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातली एखादी तलावसाखळी घेऊन दोन उन्हाळे हे मोजता येईल. बांधीतून खरोखर 45 टक्के मुरतात असे निघाले, तर पूर्वपक्ष उभा राहील आणि उन्हाळी धानावरचा माझा आक्षेप निम्म्यावर येईल. 10-15 टक्केच निघाले, तर ‘सुरक्षित’ रकान्यातली कित्येक गावे तिथून उठवावी लागतील, आणि नव्या बोअरच्या परवानग्या त्या मोजणीनंतरच द्याव्या लागतील.