गतिशिल्प : ओळख हलत्या कलाकृतींची

ज्या शिल्पात प्रत्यक्ष हालचाल हाच रचनेचा अविभाज्य भाग असतो, त्यास गतिशिल्प म्हणतात. ही हालचाल वाऱ्याने, पाण्याने, विजेच्या मोटारीने अथवा पाहणाऱ्याच्या हाताने घडते.

नाशिककरांना हा प्रकार वाटतो तितका परका नाही. बी. डी. भालेकर मैदानावर गणेशोत्सवात कारखान्यांतील कामगारांच्या मंडळांनी उभारलेले हलते देखावे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मोटार, पट्टा व दंतचक्रे यांच्या साह्याने मान डोलावणाऱ्या मूर्ती परिचयाच्या आहेत. मात्र देखाव्यातील गती कथा सांगण्यासाठी असते. गतिशिल्पात बहुधा गती हाच विषय असतो. त्यामुळे 'हे काय दाखवले आहे?' असा प्रश्न घेऊन गेलेला प्रेक्षक अनोळखी कलावंताच्या कृतीपुढे अडखळतो.

मार्सेल द्युशाँ यांनी १९१३ मध्ये स्टुलावर सायकलचे चाक बसविले. नाउम गाबो यांच्या १९१९-२० मधील कृतीत मोटारीने थरथरणाऱ्या एका पोलादी कांबीतून लाटेचा आकार भासमान होतो; मोटार थांबली की उरते ती केवळ कांब. अलेक्झांडर काल्डर यांच्या हलत्या शिल्पांना १९३१ मध्ये 'मोबाइल' हे नाव द्युशाँ यांनीच दिले. (आज त्या शब्दाने खिशातील फोनच आठवतो!) काल्डर १९५५ मध्ये गिरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून अहमदाबादेस आले व तेथे राहून त्यांनी शिल्पे घडविली. याउलट, झाँ टिंगेली यांचे अजस्र यंत्र १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयाच्या बागेत स्वतःचाच नाश करण्यासाठी चालविले गेले. अखेर अग्निशामक दलाला धावावे लागले.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले सुदर्शन शेट्टी यांनी यंत्राने तीच ती हालचाल करीत राहणाऱ्या वस्तू कलादालनात आणल्या. २०१० मध्ये भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले होते.

अशी कृती पाहताना नामफलक आधी वाचू नये. हालचालीचे एक आवर्तन पूर्ण होईपर्यंत थांबावे. बळ कोठून येते, आवाज कसा होतो, दोन हालचालींमधील विराम किती, हे न्याहाळावे. छायाचित्रावरून मत बनविणे तर सर्वथा अन्यायाचे. दालनातील मोटारी झीज टाळण्यासाठी पुष्कळदा ठरावीक वेळीच चालू करतात. शिल्प निश्चल दिसल्यास ते केव्हा चालू होईल, हे तेथील सेवकास जरूर विचारावे.