शब्द तोच, अर्थ तोच का?

हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. उलट 'आलू' आणि 'बटाटा' यांत एकही अक्षर समान नाही, पण वस्तू एकच. केवळ अक्षरे पाहून भाषांतर करणारे यंत्र 'शिक्षा का अधिकार'चा 'शिक्षेचा हक्क' करून टाकेल! मग दोन कोशांतले अर्थ जुळवायचे कसे?

1986 मध्ये मायकेल लेस्क यांनी एक सोपी युक्ती मांडली: व्याख्यांमधले समान शब्द मोजा. इंग्रजीत 'कोन' म्हणजे शंकू, आइस्क्रीमचा कोन किंवा पाइनचे फळ. 'पाइन'च्या व्याख्येत 'सदाहरित' आणि 'झाड' हे शब्द येतात. 'कोन'च्या फळ या अर्थाच्या व्याख्येतही ते येतात. म्हणून 'पाइन कोन'मध्ये तोच अर्थ घ्यायचा. लेस्क यांच्या छोट्याशा चाचणीत सुमारे 50 ते 70 टक्के उत्तरे बरोबर आली.

पुढे केव्हिन नाइट आणि स्टीव्ह लुक यांनी लाँगमन कोश आणि प्रिन्स्टनचे 'वर्डनेट' यांतले अर्थ जुळवताना व्याख्यांची तुलना केली. 1994 मध्ये त्यांनी सुमारे 70,000 संकल्पनांच्या संग्रहाची माहिती प्रसिद्ध केली. ही पद्धत पूर्ण स्वयंचलित नव्हती. तिच्यात माणसाचाही वाटा होता.

पण माणसांचे तरी एकमत होते का? समजा, दोन शिक्षकांनी अर्थांच्या 100 जोड्या स्वतंत्रपणे तपासल्या आणि 80 ठिकाणी त्यांची उत्तरे जुळली. दोघांनीही निम्म्या वेळा 'एकच' म्हटले असेल, तर नुसत्या योगायोगानेही 50 जुळली असती. म्हणून खरे एकमत (80 – 50) ÷ (100 – 50), म्हणजे 0.6. हे माप जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने 1960 मध्ये दिले. त्याला 'कापा' म्हणतात.

कापा कमी आला म्हणजे तपासणारे निष्काळजी होते, असे लगेच समजू नये. कधीकधी अर्थांमधले कुंपणच पुसट असते. कोशकाराने जिथे दोन अर्थ केले, तिथे वाचकाला एकच दिसतो.

भारतीय भाषांसाठी हे काम आपल्या जवळच झाले आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये मराठी शब्दजाल हिंदीच्या आधाराने उभे राहिले, तर कोकणीचे काम गोवा विद्यापीठात झाले.

वर्गात करून पाहा. दोन मराठी कोशांतून 'मान' किंवा 'पाट' यांचे अर्थ काढा आणि दोन गटांना, एकमेकांशी न बोलता, जोड्या लावू द्या. मग कापा काढा. जिथे मतभेद होतील, तिथेच थांबून चर्चा करा. शब्दाचा अर्थ नेमका कुठे संपतो, हे मुलांना तिथेच दिसेल.