उस्मानियाच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आठवणी व त्याचे कागद

१. दप्तराचा परिचय

भोकर येथील एका जुन्या घराची डागडुजी चालली असतां माळ्यावरील पत्र्याच्या पेटींत कांहीं कागद निघाले, ते घरच्या मंडळींनीं आमच्या स्वाधीन केले. एकूण कागद ३१. त्यांपैकीं १७ उर्दू, ६ इंग्रजी, ५ मोडी व ३ बाळबोध आहेत. यांखेरीज घरखर्चाच्या चार वह्या व शेरवानीचीं पांच बटणें पेटींत होतीं. कागदांचे धनी आतां हयात नाहींत. घरच्यांच्या इच्छेवरून त्यांचें नांव येथें छापीत नाहीं. ते उस्मानिया विद्यापीठाचे विद्यार्थी असून 'वंदे मातरम्' प्रकरणांत तेथून बाहेर पडलेल्यांपैकीं होते.

या गृहस्थांच्या महाविद्यालयीन आठवणी आम्हीं १९८५ सालीं त्यांच्याच तोंडून ऐकून एका वहींत टिपून ठेविल्या होत्या. म्हणजे एकाच मनुष्याविषयीं दोन स्वतंत्र साधनें, एक तोंडी व एक लेखी, आतां आमच्यापुढें आहेत. असा योग क्वचित् येतो, म्हणून दोहोंची तुलना करून जें हातीं लागलें तें संग्राहकांपुढें ठेवितों.

२. पूर्वपीठिका

'माजी विद्यार्थी' या आपल्या रूढ शब्दांतील 'माजी' हा फारशीच्या वाटेनें आलेला अरबी शब्द असून त्याचा अर्थ 'गत' एवढाच होतो. संस्कृतांत एका गुरूजवळ राहून शिकलेल्यांस 'सतीर्थ्य' म्हणतात व त्याची व्युत्पत्ति पाणिनीनें दिली आहे. पहिल्या शब्दांत काळ गेल्याची जाणीव आहे. दुसऱ्यांत सहवास आहे. आठवणी सांगणारा म्हातारा नेहमीं दुसऱ्या अर्थानें बोलत असतो, व ऐकणारा मात्र पहिल्या अर्थानें ऐकतो, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

निजामी राजवटींत मराठवाड्यांतील मुलास उच्च शिक्षणाची वाट अरुंद होती. औरंगाबादेस १९२३ सालीं इंटरमीजिएट कॉलेज निघालें. त्यापुढें पदवीसाठीं हैदराबाद गांठावें लागे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं स्थापन झालें व १९१९ च्या ऑगस्टांत शिकवणी सुरू झाली. सर्व विषयांचें अध्यापन उर्दूंतून, आणि इंग्रजी हा एक आवश्यक विषय, अशी तेथील व्यवस्था होती. पाठ्यपुस्तकांसाठीं भाषांतरखातें निघालें व त्यानें शास्त्रीय परिभाषा सिद्ध केली. आमच्या गृहस्थांच्या तोंडीं अखेरपर्यंत पदार्थविज्ञानास 'तबीइयात', अर्थशास्त्रास 'मआशियात' व गणितास 'रियाजी' हेच शब्द होते.

त्या काळीं भोकर मुधोळ तालुक्यांत मोडे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत मुधोळ, भैंसा व कुबेर हीं मंडळें पलीकडे गेलीं व भोकर मराठवाड्यांत राहिलें. भोकरचा विद्यार्थी मुदखेडास येऊन मनमाड-सिकंदराबाद मार्गाची गाडी धरी. गोदावरी ओलांडण्यापूर्वींच बासर येई. सरस्वतीच्या त्या क्षेत्रास गाडींतूनच हात जोडून आम्ही पुढें जात असूं, असें ते सांगत.

३. आठवणींतील वृत्तांत

त्यांच्या कथनाचा सारांश असा. वसतिगृहास तेव्हां 'इकामतखाना' म्हणत. मराठी, तेलुगु व कानडी मुलें एकत्र राहत व तिघांची समाईक भाषा उर्दू होई. संध्याकाळच्या प्रार्थनेंत मुलें 'वंदे मातरम्' म्हणूं लागलीं, अधिकाऱ्यांनीं मनाई केली, मुलांनीं ती मानिली नाहीं. "एकोणचाळीसची संक्रांत झाल्यावर आम्ही नव्या आर्ट्स कॉलेजच्या पायऱ्या उतरून जे बाहेर पडलों, ते परत गेलों नाहीं," हे त्यांचे शब्द आमच्या वहींत आहेत. पुढें काझीपेठ-बल्लारशा मार्गानें ते नागपुरास गेले. नागपूर विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरु तुकाराम जयराम केदार यांनीं या निर्वासित विद्यार्थ्यांस प्रवेश दिला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही त्याच लोंढ्यांतले; त्यांनीं कायद्याचा अभ्यास नागपुरास केला.

४. कागदांशीं ताळा

आतां कागद पाहूं. उर्दू कागदांत भोजनखर्चाच्या मासिक पावत्या ११ आहेत. त्यांतील अखेरची आजूर १३४८ फसलीची; दय महिन्याची पावती नाहीं. येथें संग्राहकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. पेशवाई कागदांमुळें मृगापासून सुरू होणाऱ्या फसलीची आपणांस संवय असते. हैदराबाद संस्थानचें या काळचें फसली वर्ष मात्र आजूर महिन्यानें, इंग्रजी ६ ऑक्टोबरच्या सुमारास, सुरू होई. त्यामुळें आजूर, दय व बहुतेक बहमन या महिन्यांच्या तिथींस ५९० आणि पुढील महिन्यांस ५९१ मिळविले असतां इसवी सन येतो. या हिशेबानें अखेरची पावती ऑक्टोबर-नोव्हेंबर १९३८ ची ठरते.

याला पुष्टि मोडी कागदांतून मिळते. वडिलांनीं एका आप्तास लिहिलेल्या पत्राचा मसुदा आहे, त्यावर मार्गशीर्ष शके १८६० अशी मिति असून चिरंजीव अभ्यास सोडून घरीं आले, पेटी मागाहून येणार, असा मजकूर आहे. हा मार्गशीर्ष नोव्हेंबर-डिसेंबर १९३८ चा. म्हणजे संक्रांतीपूर्वींच हे गृहस्थ भोकरास पोंचले होते. १९३९ हें साल त्यांच्या मनांत कां रुजलें, याचाही उलगडा होतो: नागपूरच्या प्रवेशाचा इंग्रजी कागद १९३९ चा आहे. दोन प्रसंगांपैकीं दुसऱ्याचें साल पहिल्यास चिकटलें.

'नव्या आर्ट्स कॉलेजच्या पायऱ्या' ही दुसरी चूक. त्या भव्य इमारतीचें उद्घाटन ४ डिसेंबर १९३९ रोजीं झालें. १९३८ च्या हिंवाळ्यांत तिचें काम चालू होतें; तेथें वर्ग भरत नव्हते. पुढें जी इमारत विद्यापीठाची मुद्रा होऊन बसली, तीच स्मृतीनें मागें नेऊन आपल्या प्रसंगाखालीं उभी केली. बखरींत मागाहून बांधलेला बुरूज आधींच्या लढाईंत कसा येतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची संख्याही अशीच. कोणी साडेतीनशें म्हणतो, कोणी साडेआठशें, कोणी बाराशें. येथें सर्वांस चूक म्हणण्यापूर्वीं कोण काय मोजतो हें पाहावें. एक उस्मानियाच्या वसतिगृहांपुरतें बोलतो. दुसरा संस्थानांतील इतर शाळा-कॉलेजें धरून बोलतो.

५. जें खरें ठरलें

येथवर कागद जिंकले व आठवण हरली, असें दिसेल. राजवाड्यांच्या शिकवणीनें आपला कल तसा आहेच. परंतु एक बाब उलट निघाली, व तिच्यासाठींच हा लेख लिहिला.

आम्हीं त्या वेळीं त्यांस विचारलें होतें कीं, ज्या विद्यापीठानें घालवून दिलें, त्याच्याविषयीं इतक्या मायेनें कसें बोलतां? ते म्हणाले, "भांडण दरबाराशीं होतें. उस्तादांशीं नव्हतें, आणि उर्दूशीं तर नव्हतेंच." आम्हीं हें टिपलें खरें, परंतु मनांत 'वृद्धपणचा गोडवा' असा शेरा मारला. आतां घरखर्चाच्या वह्या उघडल्या तों चारही उर्दूंत! पहिली १९४१ ची, शेवटची १९७८ ची. संस्थान गेलें, फसली सन गेला, कचेऱ्यांतून उर्दू गेली. या गृहस्थानें मात्र ज्वारीचा भाव, सालगड्याचें देणें, मुलीच्या लग्नाचा खर्च हें सर्व सदतीस वर्षें त्याच लिपींत मांडलें. कोणास दाखविण्यासाठीं कोणी ज्वारीचा हिशेब लिहीत नाहीं. ज्या आठवणीवर आम्हीं सर्वांत कमी विश्वास ठेविला, तिला सर्वांत बळकट पुरावा मिळाला. आणि जें साल आम्हीं निःशंकपणें उतरून घेतलें, तें चुकीचें ठरलें.

या द्विविध निष्ठेचा माग घेतल्यावांचून मराठवाड्याच्या विद्येचा इतिहास नीट लागणार नाहीं. उस्मानियांतच ना. गो. नांदापूरकर मराठीचे प्राध्यापक होते व त्यांचे भाचे नरहर कुरुंदकर यांनीं पुढें नांदेड गाजविलें. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी (जन्म १९१०) यांनीं उर्दू-फारशीच्या बळावर मराठ्यांच्या इतिहासाची सेवा केली, व त्यांचें 'जीवनसेतु' हें आत्मचरित्र या काळाचें उत्तम साधन आहे. नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें तें १९५० सालीं. तेथून मराठवाड्यांतील विद्यार्थ्यांच्या आठवणींस निराळा रंग चढतो.

६. विनंति

शेवटीं आमचाच एक दोष कबूल करितों. १९८५ सालीं या गृहस्थांनीं आपल्या व्याख्यानांच्या टिपणवह्या आम्हांस देऊं केल्या होत्या. आम्ही तेव्हां पोथ्यांच्या मागें होतों. 'कॉलेजच्या वह्या' घेऊन काय करावयाचें, म्हणून नाकारल्या. त्या पुढें रद्दींत गेल्या. उस्मानियाच्या वर्गांत मराठी मुलानें उर्दूंत तबीइयात कसें टिपलें, हें दाखविणारें साधन आमच्या हातून गेलें.

ती पिढी आतां उरली नाहीं. तिचे कागद जेथें आहेत तेथें घरांतील कोणासही ते वाचतां येत नाहींत, आणि न वाचतां येणारा कागद आधीं फेंकला जातो. भोकरच्या महाविद्यालयास दिगंबरराव बिंदू यांचें नांव आहे. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्यांतील त्या पुढाऱ्याच्या नांवानें शिकणाऱ्या मुलांनीं आपापल्या घरचे माळे पाहिले तरी पुष्कळ कार्य होईल. संग्राहकांस विनंति अशी कीं, उर्दू पावती, सनद, वसतिगृहाची वही, जें दिसेल तें ठेवून घ्यावें. कागदावरील फसली तिथि जशीच्या तशी उतरावी, परस्पर इसवी करूं नये. आणि घरांत त्या मनुष्याविषयीं जें सांगितलें जातें तें चुकीचें वाटलें तरी शेजारीं लिहून ठेवावें. प्रस्तुत ३१ कागद व ४ वह्या आमच्याजवळ असून जिज्ञासूंस केव्हांही पाहतां येतील.