आकाशातून येणारी दुरुस्ती : हातातील जीपीएस आणि ‘गगन’



अमेरिकेची जीपीएस यंत्रणा प्रथम नागरिकांच्या हाती आली ती मुद्दाम बोथट करून. शत्रूला तिचा लाभ होऊ नये म्हणून नागरी संकेतांत हेतुपुरस्सर चूक मिसळली जाई. हातातले यंत्र सुमारे 100 मीटरपर्यंत चुके. यावर तोड काढली ती अमेरिकेच्याच तटरक्षक दलाने! ज्या जागेचे स्थान काटेकोर मोजलेले आहे तेथे एक ग्राहकयंत्र बसवायचे, ते किती चुकते ते पाहायचे आणि तेवढी दुरुस्ती किनाऱ्यावरून रेडिओने जहाजांना कळवायची. एका हाताने झाकावे, दुसऱ्याने उघडावे, असा हा प्रकार होता. 2 मे 2000 रोजी ती मुद्दाम केलेली चूक थांबली.

तरीही दहा-पंधरा मीटरांचा घोळ उरलाच. रेडिओलहर सेकंदाच्या एक अब्जांश भागात 30 सेंटीमीटर जाते; उपग्रहाचे घड्याळ किंवा कक्षा किंचित ढळली तरी पृथ्वीवर मीटरांचा फरक पडतो. विमानांसाठी अमेरिकेने जी ‘वास’ प्रणाली 10 जुलै 2003 रोजी सेवेत आणली, तिने दुरुस्ती भूस्थिर उपग्रहावरून आणि जीपीएसच्याच वारंवारितेवर पाठवली. वेगळा अँटेना नको, वेगळे यंत्र नको. म्हणून विमानासाठी बेतलेली सोय पदयात्रिकाच्या मुठीतल्या यंत्रालाही फुकट मिळाली, आणि उघड्या मैदानात चूक सुमारे 3 मीटरांवर आली.

हीच प्रणाली भारतात जशीच्या तशी आणता आली नाही. आपल्या आकाशाचा स्वभाव निराळा आहे, आणि माझ्या मते या इतिहासाचा गाभा तोच आहे. पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातील इलेक्ट्रॉन जीपीएसच्या संकेतांना उशीर लावतात. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथून वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन उत्तरेस अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात दाटतात; आपला गोमंतक या दोहोंच्या मधल्या उतारावर आहे. सूर्यास्तानंतर या थरात बुडबुडे उठतात आणि संकेत लुकलुकतो. अमेरिकन पद्धत हे सारे आयनांबर 350 किलोमीटर उंचीवरचे एकच पातळ कवच मानते. तिकडच्या शांत आकाशात ते खपते, येथे नाही. म्हणून इस्रोच्या शास्त्रज्ञांनी अनेक थरांचे स्वतःचे गणित मांडले.

इस्रो आणि भारतीय विमानपत्तन प्राधिकरण यांनी मिळून उभारलेल्या ‘गगन’ची 15 संदर्भ केंद्रे जम्मूपासून तिरुवनंतपुरमपर्यंत आणि पोरबंदरपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत पसरली. त्यांत नागपूर आहे आणि गोवाही आहे, हे या सभागृहात सांगताना मला विशेष आनंद होतो. वाट मात्र सरळ नव्हती. 15 एप्रिल 2010 रोजी प्रक्षेपक यान अयशस्वी झाले आणि ‘गगन’चे उपकरण घेऊन निघालेला जीसॅट-4 समुद्रार्पण झाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात जीसॅट-8 कक्षेत गेला, 2012 साली जीसॅट-10. 30 डिसेंबर 2013 रोजी मार्गक्रमणासाठी आणि 21 एप्रिल 2015 रोजी उंचीच्या मार्गदर्शनासह धावपट्टीकडे उतरण्यासाठी प्रमाणपत्रे मिळाली. एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे ‘गगन’च्या आधारे प्रवासी जातीचे विमान उतरवण्याची चाचणी झाली.

लोक मीटरच मोजतात. वैमानिकाला त्याहून मोलाची वाटते ती प्रणालीची दुसरी कामगिरी : एखादा उपग्रह बिघडला तर ‘याच्यावर विसंबू नका’ असा इशारा काही सेकंदांत देणे. हातातल्या यंत्राचा मालक त्याकडे सहसा पाहतही नाही.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. संदर्भ केंद्राला दिसते ती सर्वांना सामाईक असलेली चूक. पणजीच्या अरुंद गल्लीत भिंतीवर आपटून येणारा संकेत, माडांच्या दाटीत क्षीण झालेला संकेत, हे केंद्राला कसे कळावे? 2018 पासून दोन वारंवारितांवर ऐकणारे फोन बाजारात आले. दोन लहरींना होणाऱ्या उशिरांतील फरकावरून त्यांना आयनांबराचा हिशेब स्वतःच करता येतो. भिंतींचा आणि माडांचा हिशेब मात्र त्यांनाही अवघडच जातो.